उपाशी दिसेनासे झाले तेव्हाची गोष्ट

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, आणि त्या दोघांना भर सभेत जाब विचारण्यासाठी मांडलेले एक डावे आसनही होते. ते उगाच मांडलेले नव्हते. सभागृहाच्या काळ्या दगडांना एका ऋषीचे वरदान होते. साऱ्या सभेने एकमुखाने ज्याला 'खरे आहे' म्हटले, ते त्या क्षणी खरे होई. वरदान देऊन ऋषी चार पावले गेला आणि घाबरून परत आला. राजाच्या पणजोबाला म्हणाला, "एक माणूस असा ठेव, ज्याचे कामच 'नाही' म्हणायचे. त्याच्या माघारी काही खोटे खरे झालेच, तर तेच वाक्य त्याच्यासमोर पुन्हा वदवून घे. तो 'नाही' म्हणेल आणि शाप तुटेल."

त्या काळी डाव्या आसनावर मंजुळा बसे. नाव मंजुळा, पण आवाज असा की दारातले हत्ती कान टवकारत. प्रधान वक्रसेन जादूगार होता. त्याने मंत्र घालून कोठारातल्या जोंधळ्याचे मोती केले आणि त्यांतल्याच मोत्यांचा चांदवा राजाच्या डोक्यावर टांगला. राजा प्रसेन दिवसभर मान वर करून तोच बघत बसे. दक्षिणेच्या खोऱ्यात तेव्हा दुष्काळ पडला होता. माणसे झाडाचा पाला उकडून खात होती. मोती काही उकडून खाता येत नाहीत. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि वर त्याची आरास केली! सांगताना आजही तळपायाची आग मस्तकाला जाते.

मंजुळेची धाकटी बहीण रुक्मा त्याच खोऱ्यात नांदत होती. शिदोरी बांधून मंजुळा तिच्याकडे गेली. वक्रसेन याच दिवसाची वाट बघत होता. डावे आसन रिकामे दिसताच तो उठला आणि म्हणाला, "राज्यात कोणी उपाशी नाही." सभासद मूग गिळून बसले असते तरी चालले असते. पण त्यांनी बाके बडवली आणि एका सुरात री ओढली, "खरे आहे!"

खोऱ्यात रुक्मा भाकरीसाठी हात पुढे करीत होती. तो हात दिसेनासा झाला. मग रुक्मा दिसेनाशी झाली. मग शेजारघर, मग सारी आळी. भाकरी जमिनीवर पडली, कारण नसलेल्या माणसाला भाकरी धरता येत नाही.

"आक्का, मी दिसत न्हाई व्हय तुला?" रिकाम्या जागेतून आवाज आला.

"नाही गं." मंजुळेने पडलेली भाकरी उचलली. हे कोणाचे काम, हे तिला विचारावे लागले नाही. "सगळ्यांना हाक मार. राजाच्या दारात जायचे आहे, आणि लवकर."

सभेत ती उभी राहिली. "महाराज, राज्यात कोणी उपाशी आहे की नाही? एका शब्दात सांगा."

राजाने प्रधानाकडे पाहिले. ते वाक्य पुन्हा उच्चारायला वक्रसेन काही दुधखुळा नव्हता. "प्रश्न उत्तम आहे," तो म्हणाला. "आधी साक्षीदार आणा." आणि त्याने घंटा वाजवली. "भोजनाची वेळ झाली. सभा तहकूब."

कोठाराच्या वळचणीला एक साळुंकी राही. ती मनुष्यवाणीने बोले. प्रधानाचे ससाणे तिच्यावर डोळा ठेवून होते. मंजुळेने तिला पदराखाली घेतले, ससाण्यांची नखे स्वतःच्या पाठीवर झेलली आणि तिला सभेत आणले. साळुंकी म्हणाली, "मी दाणा टिपायला गेले आणि माझी चोच मोडली. जोंधळ्याचे मोती प्रधानाने केले." वक्रसेनाने चुटकी वाजवली. "पक्षी सभासद नाही. बोलणे वगळावे." तसे ते शब्द सगळ्यांच्या कानांतून धूर होऊन बाहेर पडले, आणि कोणालाच काही आठवेना. "पुराव्याची वस्तू आणा," प्रधान म्हणाला. घंटा वाजली.

कोठारात सात फण्यांचा नाग बसला होता. मंजुळेने त्याला विचारले, "तू कशाची राखण करतोस?"

"धान्याची."

"मग खाली बघ."

नागाने पाहिले. त्याला शरम वाटली आणि तो बाजूला सरकला. त्या सभेतल्या एकाही माणसाला एवढी शरम नव्हती. मंजुळेने मूठभर मोती राजापुढे ओतले. वक्रसेन हसला. "पाहा महाराज, राज्य किती संपन्न आहे! डाव्या आसनानेच दाखवले." बाके दणाणली. "आता एक उपाशी माणूस आणा. मात्र तो दिसला पाहिजे." सभा खदखदा हसली. घंटा वाजली.

मंजुळा बाहेर येऊन पायरीवर बसली आणि संतापाने रडली. भोवती खोऱ्यातली माणसे बसली होती, पण पायऱ्या ओस दिसत होत्या. मुदपाकखान्यातून तुपाचा वास येत होता.

"रडू नगं आक्का," रुक्माचा आवाज सुतासारखा बारीक झाला होता. "आमचं मामंजी घास घ्यायच्या आदी उंबऱ्यावर हुबं राहून इचारायचं, कोन उपाशी हाय का म्हनून. तीनदा इचारायचं. हितं कुनी इचारतच न्हाई."

मंजुळेने डोळे पुसले. "विचारतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना घेऊन सभेत गेली. प्रधानाने रिकाम्या जागेकडे बोट दाखवले. "उपाशी माणूस कुठे आहे? मला तर दिसत नाही." त्याचा हात घंटेकडे गेला. "भोजनाची वेळ झाली. सभा तहकूब."

"मान्य," मंजुळा म्हणाली. सभा चकित झाली. "भोजनासाठी उठता ना, महाराज? मग भोजनाचा नियम पाळा. यजमान घास घेण्याआधी उंबऱ्यावर उभा राहून तीनदा विचारतो. झोपडीतला माणूस जे करतो, ते राजाला जड का व्हावे?"

"ती जुनी रीत झाली," वक्रसेन घाईने म्हणाला. "तिची गरज नाही."

"गरज नसेल, पण विचारायला भीती कसली, प्रधानजी?"

राजाने चांदव्यावरची नजर खाली आणली. त्याच्या आजोबांना त्याने सभागृहाच्याच उंबऱ्यावर उभे राहिलेले पाहिले होते. तो उठला, उंबऱ्यावर गेला आणि त्याने विचारले, "कोणी उपाशी आहे का?"

सभासदांनी एकमेकांकडे पाहिले.

"कोणी उपाशी आहे का?"

कुठेतरी कोणी श्वास घेतला.

"कोणी उपाशी आहे का?"

"म्या हाय, महाराज," रुक्मा म्हणाली. मग तिच्या शेजारून कोणी म्हणाले, "मी बी." मग बाकांच्या मधून, खांबांच्या आडून, सभासदांच्या अगदी कानाशी आवाज उठले. सारे सभागृह 'मी' 'मी' ने भरले. वक्रसेनाचा धीर सुटला. तो ओरडला, "खोटे! राज्यात कोणी उपाशी नाही! म्हणा सभासदहो, खरे आहे!"

सवयीने काही तोंडे उघडली. पण मंजुळेचा आवाज आधी पोचला.

"नाही!"

काळे दगड कडकडले. माणसे दिसू लागली. बरगड्या दिसल्या, खोल गेलेले डोळे दिसले. गाद्यागिरद्यांमध्ये बायका उभ्या होत्या, आणि एका म्हाताऱ्याने आधारासाठी प्रधानाचाच शेला धरला होता. प्रधानाचा मंत्रही तुटला, चांदवा फाटला आणि राजाच्या रिकाम्या सिंहासनावर मोत्यांऐवजी जोंधळा कोसळला. वक्रसेनाचे खोटे त्याच्यावरच उलटले. शेला म्हाताऱ्याच्या हातात राहिला आणि प्रधान दिसेनासा झाला. त्याला शोधायलाही कोणी उठले नाही.

त्या दिवशी सभासदांची पाने खोऱ्याच्या पंगतीला मांडली गेली. राजाने स्वतः वाढले. कोठारातून गाड्या निघाल्या, आणि नाग पुन्हा आपल्या जागी धान्यावर जाऊन बसला. रुक्माने पहिला घास घेतला. सगळे सुरळीत झाले म्हणून सभासदांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मंजुळा मात्र डाव्या आसनापाशी उभीच होती.

"महाराज, खोऱ्यातून निघालेले सगळे इथवर पोचले नाहीत. जे वाटेत पडले, ते पडतानाही कोणाला दिसले नाहीत. त्यांचा जबाब कोण देणार?"

एका सभासदाचा हात घंटेकडे गेला. "खबरदार," राजा म्हणाला. त्याने हातातली परात खाली ठेवली आणि डाव्या आसनासमोर येऊन उभा राहिला. "मी देणार. नावे सांगा."

रुक्मा सांगू लागली. शेवटचे नाव होईपर्यंत राजा बसला नाही आणि सभा उठली नाही.

अशी ही प्रश्नांची कहाणी, उत्तराला राजा उभा राहिला तिथे संपूर्ण.