लाल लुगड्यांचं गाव

एका नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं, जेमतेम वीस उंबऱ्यांचं. तिथल्या पाण्यात रंगवलेलं लुगडं फाटेल, पण त्याचा लाल रंग उतरायचा नाही.

गावाची एक रीत होती. कढईतलं उरलेलं रंगाचं पाणी नदीत ओतायचं नाही, माळावरच्या खड्ड्यात नेऊन ओतायचं. जनाक्का रंगारीण साठी उलटली तरी डोक्यावर हंडा घेऊन रोज पाच खेपा घालायची.

मग व्यापारी आले. वीस घरांची दोनशे झाली, पेठ बसली, पाटलांनी माडी चढवली. आणि माणसं माजली! दुसरा शब्द नाही त्याला. माळावर जायला कुणाला वेळ होईना. पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं, "आजपासून सगळं नदीत. एवढी मोठी नदी, तिला काय होतंय?"

जनाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाटील, हेच पाणी तुमची सून माठात भरते!"

"आक्का, तुमच्याच हाडांची सोय करतोय," पाटील म्हणाले. सगळे खो खो हसले. जनाक्का मात्र एकटी खेपा घालत राहिली.

तीन वर्षांत नदीला फेस आला. पोरांच्या अंगाला खाज सुटली, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. मग लुगड्यांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरायला लागला. व्यापाऱ्यांनी गठ्ठे परत आणून चावडीपुढे आपटले आणि गावाकडे पाठ फिरवली. जनाक्काचीही लुगडी त्यात होती, कारण नदी एकच होती. ती संतापानं रडली.

"नदी कोपली, तिची ओटी भरू," गाव म्हणालं.

"ओटी कसली भरताय मेल्यांनो? घाण ओतायची थांबवा! उद्यापासून चला माळावर."

एकही जण उठला नाही. आठवड्याभरात पाटलांनी कढया गाडीत चढवल्या. डोंगरापलीकडे दुसरी नदी होती, तिचं पाणी अजून निर्मळ होतं. पाटलांच्या मागे निम्मं गाव निघालं.

जनाक्कानं कासोटा आवळला. गाड्या डोंगराला वळसा घालून पोचायच्या आत ती पायवाटेनं पलीकडे उतरली आणि पाणवठ्यावरच्या बायकांपुढे उभी राहिली.

"बायांनो, आमची नदी मारून माणसं तुमच्याकडे येताहेत. पुढचं तुम्ही बघा."

पाटलांची गाडी आली तेव्हा वेशीत बायका आडव्या उभ्या होत्या. एकीनं पाटलांच्या हातात कुदळ दिली. "आधी माळावर खड्डा खणा. मग नदीकडे बघा."

तात्पर्य एवढंच: एक नदी नासवून आलेल्याला दुसरी नदी देऊ नये, आधी कामाला लावावं.