बांगडीवाल्यांची गल्ली आणि यवनांची जहाजे

पूर्वी सागरकाठच्या सुवेला नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. सुवेल्याचे तलम कापड यवनांच्या देशी जाई आणि तिथल्या श्रीमंतांना त्यावाचून चैन पडत नसे. पण जहाजे रिकामी थोडीच परततात? येताना ती काचेच्या बांगड्या आणू लागली. त्या स्वस्त होत्या, लखलखीत होत्या. बायकांनी शंखाच्या बांगड्या उतरवल्या आणि शंख कापणाऱ्यांच्या गल्लीतल्या चुली थंडावल्या.

त्या गल्लीची प्रमुख सामा राजसभेत आली. "महाराज, बंदर बंद करा," ती म्हणाली. "आमची लेकरं उपाशी निजतात."

कापडाचा मोठा व्यापारी कुवलय श्रेष्ठी उसळला. "बंदर बंद केलं तर माझे विणकर काय खातील? ज्याचा माल खपत नाही त्यानं धंदा बदलावा!"

"पोट बांधून धंदा कसा बदलायचा, तेही सांगा श्रेष्ठी," सामा म्हणाली.

बंदर उघडे राहावे म्हणून कुवलयाने सभेनंतर अमात्याला आपल्या जहाजात वाटा देऊ केला. बोधिसत्त्वाने तो नाकारला. बंदर बंद झाले तर विणकर मरतील आणि नुसते उघडे राहिले तर शंखकार, हे त्याला स्वच्छ दिसत होते. तो राजाला म्हणाला, "महाराज, बंदर उघडंच ठेवा. पण बंदरामुळे ज्यांची भरभराट झाली, त्यांच्या कापडावर थोडा कर बसवा. त्यावर ही गल्ली जगू द्या आणि काचेचं काम शिकू द्या. कच्ची काच यवनांकडूनच घेऊ."

"वर्षभरात गल्ली उभी राहिली नाही तर अमात्यपद सोडावं लागेल," राजा म्हणाला. बोधिसत्त्वाने मान्य केले.

गल्लीत भट्ट्या पेटल्या. बोटे भाजली, बांगड्या वाकड्या झाल्या. गावाने टिंगल करायची संधी सोडली नाही. पुढे हात बसला, तरी माल पडूनच राहिला, कारण सामाची माणसे यवनांच्या बांगडीची हुबेहूब नक्कल करीत होती आणि यवनांची बांगडी स्वस्त होती. वर्ष सरत आले. बोधिसत्त्व गल्लीत गेला तेव्हा सामा गल्लीतल्या एका सुनेच्या हातात बांगडी चढवत होती. बांगडी अडली. सामा वैतागली. "आम्ही हात दाबून, हाड बघून बांगडी भरणारी माणसं. ही यवनांची बांगडी हाताला विचारतच नाही!"

बोधिसत्त्व हसला. "मग तुम्ही तरी तिची नक्कल का करता, बाई?"

सामाने ती बांगडी बाजूला ठेवली आणि सुनेचा हात दोऱ्याने मोजला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत हातांच्या मापाने बांगड्या घडू लागल्या. लहान, मोठ्या, बोटे जाड पण मनगट बारीक असलेल्यांसाठी वेगळ्या. हातात सहज चढणारी आणि भांडी घासताना न गळणारी ती बांगडी बायकांनी उचलून धरली आणि वर्ष संपण्याआधी गल्लीतल्या चुली पुन्हा पेटल्या. एका यवन जहाजाच्या तांडेलाने या बांगड्या पाहिल्या आणि पेटारे भरून मागितल्या. "आमच्याकडच्या बायकांचे हातही काही एका साच्यातले नाहीत," तो म्हणाला. यवनांच्या काचेची बांगडी यवनांच्याच देशी विकायला निघाली तेव्हा सारे सुवेला धक्क्यावर लोटले होते. त्या दिवशी नगराची छाती अभिमानाने फुगली आणि ती फुगावी असाच तो दिवस होता.

काही वर्षांनी यवनांना रेशमाचे वेड लागले आणि सुवेल्याचे माग थांबले. कुवलय मान खाली घालून सभेत उभा राहिला. तेवढ्यात सामा उठली.

"महाराज, आमच्या पेटाऱ्यांवर कर बसवा," ती म्हणाली. "विणकर रेशीम विणायला शिकेपर्यंत त्यांच्या घरचं आम्ही बघू."

ही कथा भिक्षूंना सांगून भगवान शास्त्यांनी त्या जन्माची ओळख पटवली. "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आपला भिक्षू आनंद. कुवलय म्हणजे आज दारोदार नम्रपणे भिक्षापात्र पुढे करणारा हा वृद्ध स्थविर. सामा म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी ती थेरी भिक्षुणी. आणि अमात्य मीच होतो." मग ते म्हणाले, "कोणाचेही दार बंद न करता जी सर्वांची चूल पेटती ठेवते, तीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता. पण ऐका, त्या नगरात ती माझ्यापेक्षा सामाने अधिक पूर्ण केली. मी दुसऱ्याच्या मालावर कर मागितला, तिने स्वतःच्या."