पालखीची ओल

खेमनाथ महाराज तेव्हा आंबेखोलला देवळामागच्या धर्मशाळेत राहत असत. अंगावर एक काळी घोंगडी, तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. भागीरथी चितारीण त्यांना रोज सकाळी पेज आणून देई. लाकडाला रंग देणं हे तिच्या सासरचं पिढीजात काम. देवाच्या पालखीला रंग चढवायचा मानही त्याच घराचा. नवरा वारल्यावर तो मान एकट्या भागीरथीवर आला.

त्या वर्षी गावच्या अंतोबा खोतांनी नवी पालखी करायला घेतली. खोत म्हणजे मोठं प्रस्थ! मनात आलं की झालंच पाहिजे. उत्सव महिन्यावर आला असताना त्यांनी उभा फणस तोडवला आणि सुताराकडून घाईघाईनं पालखी करून घेतली. भागीरथीनं आपल्या रीतीप्रमाणे दांड्याला गाल लावून पाहिला. लाकूड गार लागलं.

"खोतानू, ओल आहे अजून. रंग धरायचा नाही."

खोत खो खो हसले. "काय गो, लाकूड कानात सांगतं की काय तुझ्या? मला चार दिवसांत पालखी लाल झालेली हवी."

ती काही ब्रश उचलेना. तेव्हा खोतांनी शहरातून रंगारी आणला. त्यानं डबे फोडले आणि दोन दिवसांत पालखी अशी चकचकीत केली, की बघणारे थक्क झाले. खोत मिशीला पीळ देत देवळाभोवती फिरले. पण वर ऊन तापलं, आतली ओल बाहेर पडायला धडपडू लागली आणि उत्सवाच्या आदल्या दिवशी पालखीभर फोड आले. बोट लावलं की रंगाचा पापुद्राच हातात येई. रंगारी केव्हाच पसार झाला होता.

आता चूक कबूल करतील ते खोत कसले! भरल्या देवळात त्यांनी भागीरथीला सुनावलं, "तुझीच दृष्ट लागली. उद्या दिवस मावळताना पालखी निघेल. तोवर रंग झाला नाही तर तुमच्या घराचा मान संपला. पुन्हा देवळाची पायरी चढायची नाही."

बिचारी रडत महाराजांकडे आली. महाराज म्हणाले, "रडतेस कशाला गो? सकाळी तो रंग खरवडून काढ. मग मला हाक मार."

तिनं पहाटेपासून खरवडून लाकूड उघडं केलं. हाक मारताच महाराज देवळात आले. घोंगडी पालखीवर पसरली आणि दोन्ही हातांनी पालखीला मिठी मारून बसले. रोगी लेकराला बाप कवटाळतो ना, तसे! खोतांची माणसं फिदीफिदी हसली, "बुवा आता पालखीला ऊब देणार!"

सूर्य डोक्यावर आला. घोंगडी ठिबकू लागली. आधी थेंब, मग धार. फरशीवर पाण्याचं थारोळं झालं. महाराजांचे ओठ काळेनिळे पडले, भर दुपारी दातांवर दात वाजू लागले. भागीरथीला ते बघवेना. ती पाया पडून म्हणाली, "महाराज, पुरे हो! मान गेला तर जाऊ दे. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

"गप बस," महाराज कसेबसे म्हणाले. "आता लाव गाल."

तिनं दांड्याला गाल लावला. लाकूड कोमट होतं, जुन्या पाटासारखं कोरडं खडखडीत! तिनं पदर खोचला. चिंचोक्याची खळ आणि खडू कालवून अस्तर दिलं, त्यावर लाल, मग काठाला पिवळा. आणि भक्तहो, नवल ते काय सांगू! रंगाचा दुसरा हात द्यायला ती वळेपर्यंत पहिला वाळलेला असे.

दिवस कलला, भागीरथी लालाचा शेवटचा हात फिरवत होती, तेव्हा खोत आले. मान काढून घ्यायच्या तयारीनंच आले होते. पालखी पाहून त्यांची पावलं थबकली. "काहीतरी हातचलाखी आहे," असं पुटपुटत त्यांनी बाजूला पडलेली घोंगडी उचलायला हात घातला. उचलेना! गडी लावला, दोघांनी धरून पिळली, तर पिवळसर पाण्याचा लोट आला आणि सगळ्या देवळात ताज्या चिरलेल्या फणसाच्या लाकडाचा वास भरून राहिला. शेजारी महाराज भिंतीला टेकून कुडकुडत होते.

खोतांच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, माझी घाई तुम्ही अंगावर घेतलीत!" म्हणत ते पायांवर कोसळणार, तो महाराजांनी पाय आखडून घेतले.

"मला कशाला? माझी थंडी जाईल दोन दिवसांत. जिला भर देवळात बोललास, तिच्यापुढे वाक."

जन्मात कुणापुढे न वाकलेले अंतोबा खोत चितारणीपुढे वाकले. "भागीरथीबाई, चुकलो मी," एवढंच बोलू शकले. तिनं गडबडून "अहो, असं नको" म्हणत त्यांना थांबवायला हात पुढे केला, आणि रंगानं ओल्या असलेल्या तिच्या हाताची लाल पाच बोटं खोतांच्या पांढऱ्या पागोट्यावर उमटली. गडी पुसायला धावला. खोतांनी त्याचा हात धरला, आणि तसंच पागोटं डोक्यावर ठेवून ते पालखीला खांदा द्यायला वाकले.