बारावा पाडा

"…पण ताई, ही माणसं मला आपलं मानत का नाहीत?"

शलाका वसावेने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. नंदुरबारकडची मुलगी. आरोग्य-संशोधनातलं पहिलं वर्ष आणि ही पहिलीच परिषद.

कमलाताई ओगले तिचं संशोधन मांडलेल्या पोस्टरसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. चाळीस वर्षं गावोगाव फिरून रक्त तपासलेली बाई. शलाका त्यांच्याच हाताखाली शिकली.

"का, कोणी काही बोललं?"

"तेच तर! कोणी काहीच बोलत नाही. येतात, हसतात, 'छान काम' म्हणतात आणि चहाकडे जातात."

"मग वाईट काय?"

"एवढं गोड कोणी उगाच बोलतं का? त्या चष्मेवाल्या सरांनी तर फोटो काढला. आकडे ढापायचे असतील. नाहीतर मागे जाऊन हसत असतील."

परिषदेत जेवणाची रांग लांब असते आणि पोस्टरपुढची आखूड, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. ताईंनी सांगितलं नाही.

त्या उठल्या. पोस्टरवरच्या नकाशावर बोट ठेवून एकेक पाडा मोजला. मग शेजारचा तक्ता मोजला.

"नकाशात बारा. तक्त्यात अकरा."

शलाकाने नकाशाकडे पाहिलं.

"बारावा कुठे गेला?"

"खडकीपाडा… तिथलं रक्त तपासायचं मशीन बिघडलं होतं, ताई."

"होतं?"

"…असेल."

काम साधं होतं. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या घरपोच द्यायच्या, आधी आणि नंतर रक्त तपासायचं. अकरा पाड्यांत रक्त वाढलं. खडकीपाड्यात कमी झालं. शलाकाने तो आकडा तक्त्यातून काढून टाकला आणि नकाशावरचा ठिपका पुसायला विसरली.

"छापला असता तर म्हणाले असते, हिला साधं रक्त तपासता येत नाही. आधीच माझ्याकडे कशी बघतात…"

"सकाळपासून किती जणांवर संशय घेतलास?"

"…सगळ्यांवर."

"मशीनवरही घेतलास. आणि चांगले आकडे आले त्या अकरा पाड्यांवर?"

ताईंनी पिशवीतून जाड काळं पेन काढून पुढे धरलं.

शलाकाने हात मागे घेतला. याही त्यांच्यातल्याच, तिला वाटलं. माझ्याच हाताने मला उघडं पाडणार. तिला ताईंचा मनापासून राग आला.

ताईंचा हात काही मागे जाईना. शेवटी तिने पेन घेतलं आणि तक्त्याखाली लिहिलं: 'खडकीपाडा. रक्त कमी झालं. हा आकडा मी वगळला होता. कारण माहीत नाही.'

अक्षर वाकडं आलं.

चष्मेवाले सर पुन्हा आले. वाचलं. या वेळी हसले नाहीत.

"सकाळीच फोटोत मोजलं होतं मी. बारा ठिपके, अकरा ओळी. म्हटलं, नवी आहे, कशाला बोला! मलेरियानेही रक्त कमी होतं. तो तपासलात?"

"…नाही."

"मग तपासलंत काय?"

मेळघाटात काम करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई हातातली ताटली घेऊनच मध्ये घुसल्या. "मलेरिया नाही हो. आमच्याकडे असंच झालं होतं. बाया गोळ्या चुलीत टाकत होत्या."

"माझ्या बाया टाकत नाहीत!" शलाका ओरडलीच. "मी समोर उभी राहून दिल्यात."

"रोज?"

"…रोज नाही."

अर्धा तास गेला. पोस्टरपुढे आता सात-आठ माणसं होती, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. शलाका गर्दीतून बाहेर पडून ताईंकडे आली. चेहरा लाल, धाप लागलेली.

"बघितलंत, ताई? सगळ्यांसमोर भांडतायत माझ्याशी. मी म्हटलं नव्हतं…"

"अहो वसावे!" मागून चष्मेवाल्यांची हाक आली. "पळता कुठे? इकडे या, वाद संपलेला नाही अजून!"

ताईंनी पिशवी खांद्याला लावली.

"पाहुण्याशी कोणी असं भांडतं का गं?"