एकवीस गाठींचा दोरा

एका राज्यात वय मोजायची रीत मोठी अजब होती. वेशीतल्या दगडी खांबावर एक रेघ होती. डोकं रेघेला टेकलं, की पोर मोठं झालं.

त्या राज्यात हौसा नावाची बाई राहायची. तिची लेक केतकी बारा वर्षांची. एका सकाळी केतकीनं चुलीपाशी फुंकणी तोंडाला लावली, फुंकर मारली, आणि राखेचा कणही हलला नाही. हौसा धावत येऊन तिची पाठ चोळू लागली.

वळचणीची साळुंकी बोलली, "बाई, तुझ्या लेकीचा श्वास धुम्मट जादूगारानं नेला. त्याच्या काचेच्या नळीतून गुलकंदाच्या वासाची वाफ निघते. पोर एक झुरका घेतं, की तेवढ्या श्वासानं धुम्मटाचा भाता फुगतो."

"मग भाताच फाडते मेल्याचा!"

"तो फाटायचा नाही. तीन गोष्टी झाल्या तरच उसवेल. नळी पोराच्या वयाबाहेर जावी. पोराच्या मुठीतल्या पैशाबाहेर जावी. आणि पोरानं ती आपल्या हातानं खाली ठेवावी."

हौसानं पदर खोचला आणि दरबार गाठला.

धुम्मट भाता मांडीवर घेऊन राजाशेजारी बसला होता. म्हणाला, "महाराज, हिची पोरगी रेघेला टेकते. माझा काय गुन्हा?"

"रेघ कुणी मारली?" हौसानं विचारलं.

"आमच्या पणजोबांनी," राजा शंखपाल म्हणाला. "स्वतःच्या डोक्याइतकी."

"ते किती उंच होते, महाराज?"

सगळा दरबार खाली बघू लागला. पणजोबा बुटके होते हे सर्वांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

हौसानं कमरेचा दोरा सोडला. लेकीला दर वाढदिवशी ओवाळलं, की ती त्यात एक गाठ मारी. गाठी बारा होत्या. "वय या दोऱ्यात आहे, महाराज. एकवीस गाठी झाल्याखेरीज नळी कुणाला मिळू नये."

राजा ओशाळला. त्यानं रेघ पुसवली. भात्याची एक शिवण उसवली.

"आणि नळीवर कवडीची जकात आहे, ती शंभर मोहरा करा."

धुम्मट खवळला. "महाराज, गिऱ्हाईक पळेल! तुमचा खजिना माझ्यावर भरतो!"

"मग एकदा त्यात हात घालून बघा की," हौसा म्हणाली.

राजानं खजिन्याच्या पेटीत हात घातला. मूठभर काजळी निघाली. मग तोच काळा पंजा त्यानं नव्या हुकमावर उमटवला. दुसरी शिवण उसवली.

हौसा घरी आली. केतकीच्या मुठीत शेवटची नळी होती. हौसाचे हात शिवशिवले. हिसकावावी नि चुलीत घालावी!

"हात आवर," साळुंकी म्हणाली.

हौसानं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"आई, आता दुसरी मिळायची नाही. एवढी राहू दे ना."

"तुझं तू ठरव. मला भाकऱ्या टाकायच्यात, आणि चूल विझलीय."

"तू रागावलीस?"

"रागावलेच आहे. पण हिसकावणार नाही."

केतकी खोकली. तिनं नळीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं. मग नळी उंबऱ्याबाहेर ठेवली.

तिकडे दरबारात भाता टराटर फाटला. पोरांचे श्वास वाऱ्यासारखे गावात शिरले, दारं आपटली, आणि धुम्मट त्या वाऱ्यानंच सीमेपार उडाला. पेटीतल्या काजळीच्या पुन्हा मोहरा झाल्या.

केतकीनं फुंकणी उचलली. पहिल्या फुंकरीला राख उडाली, दुसरीला ठिणगी, तिसरीला जाळ भडकला.

"अगं, हळू! पिठात राख जाईल!" हौसा ओरडली, आणि पदरानं डोळे पुसू लागली.

वेशीतल्या त्या खांबाला आता आया दोरे बांधतात. ज्यांच्या दोऱ्यात गाठी थोड्या, त्यांचे श्वास त्यांच्यापाशीच राहोत.