केसाइतकाही फरक नको!

आंबेखिंडीच्या महाराजांनी इंग्रजी शाळा बांधली खरी, पण त्या शाळेत एकही पोर शिरू शकेना! प्रवेश परीक्षा स्वतः महाराज घ्यायचे, आणि प्रश्न एकच.

"एकाच अर्थाचे दोन इंग्रजी शब्द सांगा. पण अर्थात केसाइतकाही फरक नको!"

पहिला आला सरदारांचा मुलगा. म्हणाला, "बिग आणि लार्ज!"

"चूक!" महाराज गरजले. "आमचा बिग ब्रदर म्हणजे थोरला भाऊ. लार्ज ब्रदर म्हणजे लठ्ठ भाऊ! नापास!"

दिवाणांचा पुतण्या म्हणाला, "फॅट आणि प्लंप."

"आमचा जमादार फॅट, आमच्या राणीसाहेब प्लंप! उलट बोललो तर रात्री जेवायला मिळेल का आम्हाला? नापास!"

अशी सतरा मुलं नापास झाली. हेडमास्तर वझे हात जोडून म्हणाले, "सरकार, शाळा रिकामीच राहील!"

"मुळीच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कोणी पास झालं नाही, तर तिथे आमचा हत्ती बांधू. त्याला इंग्रजी येत नाही, पण तो निदान चुकीचं तरी बोलत नाही!"

गावात बांगड्या भरणाऱ्या रंगनाथ कासाराची बकुळा अकरा वर्षांची होती. शाळा बांधायला घेतल्यापासून ती वझे मास्तरांकडून शब्दांची वही आणून घोकत होती. घोकायला वेगळा वेळ कुठला? बायकांच्या हातात बांगड्या चढवतानाच पाठांतर चालायचं. एकेका बांगडीला एकेक शब्द!

"हॅपी... ग्लॅड... मेरी... चिअरफुल..."

"अगं, ही मेरी कोण?" सोनारीणबाईंनी विचारलं. "सासरी नांदते ना नीट?"

"नांदते हो काकू, मजेत आहे!"

पाटलीणबाईंचा हात चांगलाच भरदार. बकुळा घामाघूम होऊन बांगडी रेटत पुटपुटली, "बिग... लार्ज... ह्यूज... इनॉर्मस!"

"काय गं म्हणालीस?"

"मापं सांगतेय, काकू! विलायती मापं!"

"मग मला ते शेवटचंच दे. ऐकायला भारी वाटतं!"

हत्तीची बातमी कळली तशी बकुळाने हातातला बांगड्यांचा तोडा खाली ठेवला. "बाबा, मी जाते वाड्यावर."

"वेडी का काय! सरदारांची पोरं तिथे आपटली. आपलं काय चालणार?"

"मला शाळेत जायचंय, बाबा. हत्तीला नाही जायचं!"

रंगनाथने तिची वेणी घट्ट बांधून दिली आणि दरबाराच्या दारापर्यंत सोबत आला.

बकुळा दरबारात येऊन उभी राहिली. महाराजांनी मिशीला पीळ दिला. शेजारी राणीसाहेब पान खात बसल्या होत्या.

"हं, सांग दोन शब्द!"

"एरर आणि मिस्टेक, महाराज."

महाराज खुदकन हसले. "सोप्पं! फरक आहे. एरर म्हणजे..."

"थांबा महाराज!" बकुळा म्हणाली. महाराजांना थांबवणारं माणूस आंबेखिंडीत अजून जन्माला यायचं होतं! "सरदारांच्या मुलाला तुम्ही थोरल्या भावाचा दाखला दिलात. दिवाणांच्या पुतण्याला राणीसाहेबांचा. मलाही घरचाच दाखला हवा. तुमची स्वतःची एक एरर सांगा, आणि तुमची स्वतःची एक मिस्टेक. मग फरक मला लगेच कळेल!"

"आमची?" महाराज ताडकन उठले. "आमच्या हातून आजवर ना एरर झाली, ना मिस्टेक!"

"एकही एरर नाही?"

"एकही नाही!"

"आणि मिस्टेक?"

"तीही नाही! औषधालासुद्धा नाही!"

"म्हणजे दोन्ही अगदी सारखंच की, महाराज! इथेही शून्य, तिथेही शून्य. शून्यात आणि शून्यात केसाइतका फरक कुठून आणायचा?"

महाराजांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. फरक दाखवावा तर दोन्ही केल्याची कबुली द्यावी लागणार. न दाखवावा तर पोरगी पास होणार!

राणीसाहेबांनी शांतपणे पान गालात सरकवलं. "सांगायचाच असेल फरक, तर मी मदत करू का? एरर आठवावी लागेल, पण मिस्टेका माझ्याकडे डझनाने आहेत. गेल्या आठवड्यात तुम्ही..."

"पास!" महाराज ओरडले. "पोरगी पास! आत्ताच्या आत्ता पास!"

दिवाणजींना आधी खोकला आला आणि मग हसू. त्यांचं पाहून जमादार हसला, जमादाराचं पोट हललं तसा सगळा दरबार हसला. शेवटी महाराजांनाच हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "कासाराच्या पोरी, आम्हाला आमच्याच दरबारात पकडलंस! शिक्षण पुरं होईपर्यंत तुझी पुस्तकं, पाटी, कपडे सगळं वाड्यातून. आणखी काय हवं ते माग!"

बकुळाने मागे पाहिलं. दाराशी ती सतरा नापास मुलं माना उंचावून उभी होती.

"महाराज, ह्यांनाही आत घ्या. एकटीने शाळेत काय करू? भांडायला तरी कोणी हवं! प्लीज!"

महाराजांचे डोळे चमकले. "प्लीज? वा! त्याला समानार्थी शब्द सांग, मग घेतो!"

"नाही सांगत, महाराज."

"का? येत नाही?"

"येतात की! पण चांगल्या माणसाला तो एकदाच म्हटला तरी पुरतो."

महाराज असे खदखदून हसले की फेटा सुटून खांद्यावर आला. तसाच फेटा सावरत त्यांनी हुकूम सोडला, "वझे मास्तर, घंटा वाजवा! अठराच्या अठरा आत घ्या, आणि पहिला बाक ह्या पोरीचा!"