डाव्या पुडीवरची कणीक

"आणि एकदाही रडला नाहीस?" अंबादासबुवांनी विचारलं.

"एकदाही नाही," दिगंबर म्हणाला. आवाजात जरा ऐटच होती.

ऐटीला कारणही होतं. त्याचे वडील, अण्णा, जाऊन तीन महिने झाले होते. तेराव्याच्या भजनाला त्याने दुसऱ्याचा पखवाज मागून घेऊन साथ केली, डोळ्यांत टिपूस नाही. केवढं काळीज पोराचं, असं सगळं गाव म्हणालं. ते कौतुक दिगंबरने अंगाला चांगलंच लावून घेतलं होतं.

पण त्या दिवसापासून त्याचा डावा हात घुमेना. बोल पडायचे, आत नाद म्हणून नाही. असंच चाललं तर पखवाज सोडावा लागेल, या धास्तीने तो गोदाकाठच्या मठात आपल्या गुरूंकडे, अंबादासबुवांकडे आला होता. मौन सांगा, उपास सांगा, कितीही कडक साधना सांगा, मी करतो, असं त्याने बजावलंच.

बुवांनी फक्त त्याचा स्वतःचा पखवाज मागितला.

दिगंबर चपापला. तीन महिन्यांत त्याने त्याची खोळ उघडली नव्हती.

बुवांनी उघडली. डावी पुडी, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरचं कातडं, घुमावी म्हणून तिच्यावर ओली कणीक थापतात आणि वाजवून झालं की लगेच काढतात, नाहीतर कातडं जातं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. इथे कणीक वाळून दगड झाली होती.

दिगंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घाईने चाकू उचलला. बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"फाटेल."

"मग काय करू?"

बुवांनी पंच्याचं टोक भिजवलं, पिळलं, कणकेवर ठेवलं.

"बस इथं."

दोघे बसले... बऱ्याच वेळाने एक काठ मऊ पडला. बुवांनी बोटाने तेवढाच काढला.

"आज एवढंच."

दुसऱ्या सकाळी पुन्हा ओला पंचा, पुन्हा बसणं, पुन्हा नखाएवढी कणीक. तिसऱ्या सकाळीही तेच. साधना मागायला आलो आणि भांडी घासायला बसवलं, असं दिगंबरच्या मनात येऊन गेलं. तरी तो बसत राहिला, कारण शेजारी बुवा बसत होते. सत्तरी ओलांडलेला तो माणूस गुडघे दुखत असतानाही जागचा हलत नव्हता.

पाचव्या दिवशी मधला भाग उरला. ओल्या पिठाचा वास आला. मध्यभागी अंगठ्याचा ठसा होता.

तो अण्णांचा होता. पोराची कणीक कायम तेच मळायचे, थापायचे, वर अंगठा दाबून म्हणायचे, वाजव आता. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनीच थापली होती, ती काढायची राहूनच गेली...

"हे राहू द्या, बुवा," दिगंबर म्हणाला. "हे अण्णांचं शेवटचं..."

  बुवांनी ओला पंचा त्याच्या हातात दिला.

त्याने तो ठशावर ठेवला आणि हमसून हमसून रडला. बुवांनी त्याला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. पंचा सुकला की तेवढा भिजवून देत राहिले. कुणाचं रडणं असं सांभाळता येतं, हे दिगंबरने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि त्या माणसापुढे तो मनातून वाकला.

दुपारपर्यंत कणीक आपोआप सुटून पंच्याला आली. खालचं कातडं शाबूत होतं.

पुडी चांगली वाळल्यावर बुवांनी पीठ आणि पाणी पुढे सरकवलं. दिगंबरने कणीक मळली, थापली, वर स्वतःचा अंगठा दाबला. मग हात टाकला.

पखवाज घुमला. मठाच्या ओसरीपर्यंत घुमला.

बऱ्याच वेळाने तो थांबला, बाहीने डोळे पुसले.

"बुवा, आता सगळं निघालं ना? पुन्हा नाही ना यायचं रडू?"

बुवांनी पंचा भिजवून त्याच्यापुढे धरला.

"वाजवून झालंय ना? मग कणीक काढून ठेव. उद्या परत लावायचीय."